राबावरची मजुरीण

हे लिहायला बसल्यापासून मी तीनदा उठले. एकदा दाराची कडी वाजली म्हणून, एकदा बराच वेळ वाजली नाही म्हणून, आणि एकदा उगाच. आई ओटीवर दाराला टेकून बसली आहे, कडी तिच्या हाताशी आहे. तिला सांभाळणारी बाई शेजारी आहे, दोघींच्या मध्ये वालाच्या शेंगांचं सूप आहे. सगळं ठीक आहे. तरी माझा एक कान ओटीवरच असतो. सात वर्षांत तो तिकडचाच झाला आहे.

मी सदुसष्टची, आई शहाऐंशीच्या पुढे-मागे. माझी नात म्हणते, आजी, तुमच्या घरात म्हाताऱ्या माणसाला म्हातारं माणूस सांभाळतं. तिला म्हटलं, तू ये की मग. तिला लगेच परीक्षा आठवली.

पस्तीस वर्षं मी शहापूर तालुक्यात आरोग्य उपकेंद्रांवर नर्स होते. खांद्याला लशींचा डबा, अंगावर पांढरी साडी आणि तोंडात उपदेश, अशी मी पाड्यापाड्याने फिरायची. पाणी उकळून प्या, बाळाला सहा महिने दुसरं काही देऊ नका, चुलीच्या धुरात बसू नका. लोक ‘सिस्टर’ म्हणायचे आणि मला वाटायचं, आपल्याला सगळं कळतं. ती पांढऱ्या साडीतली शहाणी आज समोर आली तर तिला मीच एक इंजेक्शन टोचीन.

कारण त्या शहाणीला स्वतःच्या आईचा आजार दोन वर्षं कळला नाही. आई तेव्हा गावात एकटी राहायची, धसईच्या अलीकडे आमचं गाव आहे तिथे. मी सुट्टीला गेले की आमटीत दोनदा मीठ. मी म्हटलं, जिभेची चव गेली. एकच गोष्ट चारदा विचारायची. मी म्हटलं, ऐकू कमी येतंय, आणि कानात थेंब टाकले. अशक्तपणा असेल म्हणून उपकेंद्रातल्या लोहाच्या लाल गोळ्या दिल्या, कारण माझ्या हातात त्याच होत्या. एकदा ती बाजाराला गेली आणि धसईच्या एसटी थांब्यावर संध्याकाळपर्यंत बसून राहिली, आपल्या गावाची गाडी कोणती हे आठवेना म्हणून. चुलतभावाने तिला मोटारसायकलवर बसवून घरी आणलं आणि मला फोन केला. तरी मी म्हटलं, ऊन लागलं असेल.

शेवटी कल्याणला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आईला आजची तारीख विचारली. आई म्हणाली, वार इचार, तारीख सरकारला लागते. डॉक्टर हसले. मग त्यांनी बरंच काही विचारलं, आईने बरंच काही चुकवलं, आणि त्यांनी मला आजाराचं नाव सांगितलं. मी वही काढून विचारलं, बरं व्हायला साधारण किती महिने लागतील? पस्तीस वर्षं नोकरी करून हा प्रश्न. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वही पिशवीत ठेवली.

आईला शहापूरला माझ्या घरी आणलं. मी नुकतीच निवृत्त झाले होते, हाताशी फंडाचे पैसे होते, अंगात जोर होता. पहिल्या वर्षी मी पैसा असा उडवला की घरात लग्न असावं. कठडे असलेला नवा कोरा पलंग आणला. आई पहिल्याच दुपारी कठड्यावरून पाय टाकून उतरली. बुद्धीची सरबतं आणली, ती मीच पिऊन संपवली. डब्यांवर मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या लावल्या, ‘साखर’, ‘चहा’, ‘मीठ’. चार दिवसांनी लक्षात आलं की आई शाळेत गेलेलीच नाही. नातीने मोबाइलवर जागा दाखवणारं एक लॉकेट मागवलं, म्हणजे पणजी कुठे गेली ते कळेल. आईने ते शेजारच्या बकरीच्या गळ्यात बांधलं. आम्ही दोघी भर उन्हात मोबाइल धरून त्या बकरीच्या मागे दीड तास फिरलो.

हळूहळू शहाणपण आलं, पैसे संपायला लागल्यावर ते येतंच. गोळ्या सरकारी दवाखान्यातून महिन्याच्या महिन्याला आणायच्या. डायपर फक्त प्रवासात. एरवी जुन्या सुती साड्यांच्या घड्या आणि दर दोन तासांनी मोरीची वाट. पलंग विकला, अर्ध्या किमतीत. एका खर्चाला मात्र कात्री लागेना, सांभाळणाऱ्या बाईच्या पगाराला. मी एकटी चोवीस तास पुरत नव्हते, माझ्या गुडघ्यांनी तसं लेखी दिलं होतं. उंबरमाळीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची एक विधवा बाई मिळाली. कामाला चोख, बोलायला कमी. तिच्या पगारात माझं निम्मं पेन्शन जायचं. धाकटा भाऊ मुरबाडला कारखान्यात सुपरवायझर आहे, तो दर महिन्याला पैसे पाठवायचा. मग दोन महिन्यांनी. मग त्याच्या मुलीचं कॉलेज लागलं.

तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रात आई एकदम बिथरली. बसेना. सकाळी उठली की कंपाउंडमध्ये चक्कर, दुपारी चक्कर, गेट उघडं दिसलं की रस्त्यावर. हातात काहीतरी घेऊनच यायची, वाळका पाला, काटक्या, एकदा तर पदरात शेण. आणायचं आणि आंब्याखालच्या कोपऱ्यात टाकायचं. मी ते झाडून कचऱ्याच्या पेटीत भरायची, ती पुन्हा आणायची. मी हात धरला तर चावली. माझ्या वहीत त्या दिवसांची नोंद आहे, ‘कचरा गोळा करणे, चिडचिड, चावणे.’ ती वही डॉक्टरांना दाखवून मी झोपेच्या गोळीचा डोस वाढवून आणला. आई गोळी घेऊन भिंत धरून चालायची, पण चालायचीच.

आठवड्याने बाईने पिशवी भरली.

“पगाराचं नाय, सिस्टर,” ती म्हणाली. “आजी दिवसभर चालते. माझं पाय ऱ्हायलं नाय.”

मी भावाला फोन केला. तो जणू वाटच बघत होता. बदलापूरच्या बाजूला म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारी एक जागा त्याने बघून ठेवली होती. स्वच्छ आहे, नर्स आहेत, गेटला कुलूप असतं. आधी अनामत आणि मग दर महिन्याला माझ्या पेन्शनपेक्षा जास्त. पैसे कुठून आणायचे हेही त्याने ठरवलं होतं, गावची भाताची खाचरं विकायची. रविवारी फॉर्म घेऊन येतो म्हणाला. मी ‘बघू’ म्हटलं, पण फोन ठेवल्यावर आईची लुगडी मोजून बॅगेत भरली. सहा होती. हे लपवून उपयोग नाही, मी भरली होती.

बॅग भरून बाहेर आले तर बाई गेटाकडे जाण्याऐवजी आंब्याखाली उभी. आई खाली बसून काम करत होती. तळाला शेणाचा चुरा, त्यावर काटक्या, सगळ्यांची तोंडं एकीकडे, त्यावर पाला, आणि सगळ्यात वर मूठमूठ माती भुरभुरवत होती, आपण भाकरीला पीठ लावतो तशी.

बाई म्हणाली, “सिस्टर, आजी राब लावते.”

मी तिथेच पायरीवर बसले. राब ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, ती जमीन उन्हाळ्यात भाजून घेतात. शेण, त्यावर कवळ म्हणजे झाडांच्या छाटून वाळवलेल्या डहाळ्या, त्यावर पाला, वरून माती. मग पेटवायचं, सावकाश धुमसत राहील असं. जमीन तापते, तण मरतं, रोप जोमाने येतं. चैत्र सुरू झाला की गावातल्या प्रत्येक बाईच्या पायाला हेच काम लागतं. आईने ते साठ वर्षं केलं. तिची वेळ झाली होती, ती कामाला लागली होती, आणि तिची शिकलेली मुलगी रोज तिचा राब झाडून कचऱ्यात टाकत होती.

मी बाईला म्हटलं, दोन दिवस माझ्याबरोबर गावाला चल, मग जा. ती आईकडे बघत राहिली आणि पिशवी खांद्यावरून खाली ठेवली.

शनिवारी पहाटे जीप ठरवून निघालो. किन्हवली, सरळगाव, मग धसईचा रस्ता. आई गाडीत एकदाही दाराच्या खटक्याला हात लावायला गेली नाही. आमची शेती चुलतभाऊ अर्धेलीने, म्हणजे निम्म्या पिकावर करतो. त्याने कवळ तोडून, वाळवून शेताच्या कडेला रचून ठेवलंच होतं. त्याला म्हटलं, आज आमच्या तुकड्याचा राब आई लावणार. तो म्हणाला, काकीला उभं राहता येतंय का आधी बघ.

आई बांधावरून खाली उतरली. मला धरायलाही वेळ मिळाला नाही. पदर खोचला, इकडेतिकडे बघितलं, आणि माझ्यावर नजर आली.

“कोनाची गो तू?”

मी नाव सांगितलं. त्याचा उपयोग झाला नाही. मग म्हटलं, कामाला आले. ते मात्र तिला लगेच पटलं.

“मग उभी काय? कवळ आन.”

त्या दिवशी मी जेवढी बोलणी खाल्ली, तेवढी नोकरीत कुठल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडूनही खाल्ली नाहीत. डहाळी उलटी पडली, बोलणी. शेण जाड पडलं, बोलणी. पाठ सरळ करायला उभी राहिले, तर विचारते, लग्नाला आलीस का. बाईला मात्र शब्द नाही. ही हातांची आहे, म्हणाली, डोंगरातली दिसते. बाई पदराआड हसत होती. दुपारपर्यंत आईने सारा तुकडा लावून घेतला, बसायची तेव्हाही बसूनच पाला सारखा करायची. मग घरी येऊन तिने भात खाल्ला, ओटीवर आडवी झाली आणि झोपली. गोळी न देता. मी दोनदा तिच्या नाकाशी हात धरून बघितला.

संध्याकाळी उठली ती सरळ माजघरात गेली. चुलतभावाच्या घरून आलेलं भाताचं पोतं तिथे होतं. भात मापायचं जुनं अधोलीचं माप खुंटीला होतं, अर्धी पायली मावते त्यात. तिने मला पदर धरायला सांगितला आणि मापाने भात ओतलं. एक अधोली. दुसरी भरली, हाताने वरचं भात खाली पाडलं, थोडं विचार केल्यासारखं थांबली आणि दुसऱ्या अधोलीतलं अर्धं परत पोत्यात ओतलं.

“काम कच्चं हाय तुजं,” म्हणाली. “उद्या लवकर ये. पेटवायचा हाय.”

मी पदरात दीड अधोली भात घेऊन माजघरात उभी राहिले. वर्षं झाली, मी हिशेब करत होते हिला सांभाळायला काय पडतं याचा. गोळ्यांचे, बाईचे, गाडीभाड्याचे. आणि इथे ही माझाच रोज, दिवसाची मजुरी, कापून देत होती. मला हसू आलं आणि मग बराच वेळ दुसरं काहीतरी.

रविवारी सकाळी मी चहा करून शेतावर गेले तेव्हा आई आणि बाई आधीच बांधावर. आईने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि बाईला म्हणाली, “ही कोन आनली? कालची बाई बरी होती.”

कालची बाई म्हणजे मीच, तिला जी बोलणी बसली होती ती मला ठाऊक होती. पण आता तीसुद्धा माझ्यापेक्षा बरी ठरली.

तेवढ्यात भाऊ आला. आम्ही गावाला आहोत हे मी त्याला फोनवर कळवलं होतं. पँट, बूट, खिशात फॉर्मचा लिफाफा. आईने त्याला पाहुणा समजून बसायला सांगितलं, बांधावर जागाही झाडून दिली. तो अवघडून बसला. मला हळूच म्हणाला, ताई, हे दोन दिवसांचं खूळ आहे, मंगळवारपर्यंत तिकडे कळवायचं आहे. मी म्हटलं, आधी राब पेटू दे.

चुलतभावाने काडेपेटी माझ्या हातात दिली. मी तुकड्याच्या कडेला खाली बसले, काडी ओढली आणि पाल्याला लावणार, एवढ्यात मनगटावर फटका बसला. काडी विझली.

“वाऱ्याकडनं लावतात का?” आई म्हणाली. “धावंल ना जाळ.”

राब वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचा असतो, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत सावकाश पुढे सरकते आणि जमीन खोल भाजते. वाऱ्याच्या बाजूने लावला तर जाळ धावतो, वरचा पाला भसाभस जळतो आणि खाली जमीन कच्चीच. हे मला माहीत होतं. हे मला फार चांगलं माहीत होतं, कारण चौदाव्या वर्षी मी हीच चूक केली होती. आई घरी गेली होती, राब पेटवायचं माझ्यावर सोपवून. मला मैत्रिणीकडे जायची घाई होती. लवकर आटपावं म्हणून मी मुद्दाम वाऱ्याकडून काडी लावली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. जाळ दोन मिनिटांत बांध ओलांडून गेला आणि शेजाऱ्याची पेंढ्याची अख्खी उडवी जळली. मी रडून सांगितलं, कोणीतरी वाटेने बिडी ओढत गेला, त्याची ठिणगी पडली. सगळ्यांना पटलं. पुढे पन्नास वर्षं मी मनातल्या मनात त्या पोरीची पाठ थोपटत होते, काय बेमालूम खोटं बोललीस म्हणून.

आईने काडेपेटी माझ्याकडून घेतली, बाईच्या हातात दिली आणि बोटाने दुसरी बाजू दाखवली. धूर उठला, पांढरा, संथ. मग आई माझ्याजवळ बांधावर बसली. पाहुण्याशी बोलावं तसं भावालाही ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगायला लागली.

“माजी एक पोरगी हाय. तिनं असाच पेटवला नि शेजाऱ्याची उडवी जाळली. सांगते कशी, बिडीची ठिणगी.” आई हसली, तोंडावर हात घेऊन. “मी पन म्हनलं, हो गो, बिडीचीच. दोन गाड्या पेंढा दिला त्याला आमचा.”

भावाने माझ्याकडे पाहिलं. तो तेव्हा आठ वर्षांचा होता, त्यानेही बिडीवालीच गोष्ट ऐकली होती.

“तिला सांगितलं नाय कधी?” मी विचारलं.

“कशाला? आधीच घाबरलेली. पोरीची जात, तोंड पाडून फिरंल.” मग धुराकडे बघत म्हणाली, “आता शिस्टर हाय ती. शापूरला. तिला कामं असतात.”

“येते का इकडे?”

“येल ना. राबाला येल.”

तेवढ्यात एका कोपऱ्यात जाळ जरा वर आला. आईने उठून एक हिरवी डहाळी मोडली आणि पाहुण्याच्या हातात दिली. “बसलास काय, मार त्याच्यावर.” माझा सुपरवायझर भाऊ बूट काढून, पँट दुमडून तासभर बांधाने फिरत होता, डहाळी हातात घेऊन. आई त्याच्यावर ओरडत होती आणि तो “हो, हो” म्हणत होता.

परत निघताना त्याने लिफाफा खिशातून काढला, चुरगळला नाही, नीट घडी करून पुन्हा ठेवला. “ताई,” म्हणाला, “पावसापर्यंत बघू.”

ते ‘पावसापर्यंत’ अजून चालू आहे. खाचरं आहेत तशी आहेत. आम्ही गावालाच राहिलो. शहापूरचं माझं घर मी भाड्याने दिलं, त्या भाड्यात बाईचा पगार निघतो. ती इथे राहिली. कुंपण नाही म्हणून पाय कमी दुखतात, म्हणायची, आजी इथे चालते पण कुठे जात नाही. महिन्यातले दोन रविवार ती तिच्या पाड्यावर जाते आणि भाऊ इकडे येतो, दवाखान्यातल्या गोळ्या घेऊन. पैसे पाठवत नाही, स्वतः येतो. मला तेच स्वस्त पडतं. पहिल्यांदा त्याने आईला मोरीत नेलं तेव्हा बाहेर येऊन पाऊण तास अंगणात उभा होता. आता शिट्टी वाजवत नेतो.

सुटलो असं मात्र नाही. राब चार दिवसांत संपतो, वर्ष उरतं. पाऊस लागला की आई रोपं कुठे आहेत विचारायची, थंडीत खळं शोधायची, आणि काम संपलं की पुन्हा चालायला लागायची. मागच्या वर्षी तिला उभं राहता आलं नाही; पोत्यावर बसून तिने बोटाने काम करून घेतलं. यंदा बोटही फार हललं नाही. राब मी लावला, बाईने आणि मी. पेटवताना मी दोनदा वारा बघितला, तरी आईकडे वळून पाहिलं. ती झोपली होती की नुसती डोळे मिटून होती, कळलं नाही.

संध्याकाळी मीच माप खुंटीवरून काढून तिच्या मांडीवर ठेवलं. पदर पसरून पुढे बसले. तिने मापाच्या काठावरून अंगठा फिरवला, बराच वेळ. भात ओतलं नाही. मग माझ्याकडे बघून विचारलं, कालची बाई कुठं गेली?

मी म्हटलं, आहे, येईल उद्या.

कडी वाजली वाटतं. बघून येते.